पान केवढं, ते फोटोत येईना

मॉरिशसला जाऊन तीन दिवस मी इतरांसारखेच समुद्राचे फोटो काढले. चौथ्या दिवशी बायकोच म्हणाली, "आता निळं पाणी पुरे." म्हणून पाम्प्लेमूसची बाग. पाम्प्लेमूस म्हणजे आपलं पपनस. पोर्ट लुईच्या ईशान्येला, गाडीने अर्ध्या-पाऊण तासावर. बागेला आता देशाचे पहिले पंतप्रधान सर शिवसागर रामगुलाम यांचं नाव असलं, तरी गाडीवाल्यापासून सगळे पाम्प्लेमूसच म्हणतात. १७७० च्या सुमारास प्येर प्वाव्र नावाच्या फ्रेंच अधिकाऱ्याने इथे लवंग, जायफळाची रोपं आणून वाढवली. गंमत म्हणजे 'प्वाव्र' या आडनावाचा अर्थच मिरी!

पण आम्ही मसाल्यांसाठी गेलो नव्हतो. मला 'व्हिक्टोरिया' या राक्षसी वॉटर लिलीची पानं हवी होती.

लांबट आयताकृती तळं, त्यात पाण्यावर पसरलेली गोल पानं, परातीसारखी उभी कड असलेली. परात म्हणतोय खरा, पण पाच-साडेपाच फुटांची परात कोणाच्या घरात असते? मी कॅमेऱ्याला वाइड लेन्स लावली, धडाधड पंधरा-वीस फोटो काढले आणि स्क्रीनवर पाहिलं तर चहाच्या बशा. वाइड लेन्समध्ये लांबचं आणखी लांब जातं, हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. पण समोर एवढं मोठं काही दिसलं की हात आधी वाइडकडेच जातो. त्यात सकाळी दहाचं जानेवारीतलं ऊन (तिकडे तेव्हा उन्हाळा), पानांवर नुसती चकाकी. आणि ती कापणारा पोलरायझर हॉटेलच्या टेबलावर. बायकोने काही म्हटलं नाही. ते जास्त लागलं.

ही पंचाईत जुनी आहे. १८४९ मध्ये इंग्लंडात चॅट्सवर्थच्या बागेत तिथला बागप्रमुख जोसेफ पॅक्स्टन याने ही ॲमेझॉनकडची वनस्पती फुलवली, तेव्हा पान केवढं आणि किती भक्कम हे लोकांना पटावं म्हणून त्याच्या सात वर्षांच्या मुलीला पानावर उभं केलं होतं. त्याचं चित्रही छापून आलं. पान तेवढं वजन कसं पेलतं, ते आम्हाला काठावरच दिसलं. माळ्याने एक जुनं पान ओढून उपडं टाकलं होतं. वरून गुळगुळीत हिरवं, खालून जांभळट लाल, आणि मधून निघालेल्या बोटाएवढ्या जाड शिरा, त्यांना जोडणाऱ्या आडव्या पातळ शिरा. छत्रीच्या काड्यांचं जाळंच. शिरांवर काटे, तेही बाभळीसारखे टोचणारे. बोट लावलं आणि कळलं. शिरांच्या आत हवेच्या पोकळ्या असतात, म्हणून पान तरंगतं. पॅक्स्टनने पुढे लंडनच्या १८५१ च्या प्रदर्शनासाठी क्रिस्टल पॅलेस हा काचेचा महाल उभारला, तेव्हा छताच्या रचनेसाठी याच शिरांचा दाखला दिला.

फूल एकच होतं, गुलाबी, अर्धवट मिटलेलं. पहिल्या संध्याकाळी पांढरं उमलतं, दुसऱ्या संध्याकाळी गुलाबी. म्हणजे पांढरं बघायचं तर बाग बंद व्हायच्या वेळी या.

वाटेत ट्रॅव्हलर्स पाम होते. ते आपल्याकडे बंगल्यांच्या फाटकाशीही दिसतात, पुढे गेलो. थांबलो तो टॅलिपॉट ताडाशी. आपल्याकडे लहान मुलांच्या गळ्यात दृष्ट लागू नये म्हणून बजरबट्टू बांधायचे ना, ते याचंच बी. पंख्यासारखं एकेक पान असं, की खाली अख्खं कुटुंब मावेल. हा ताड तीस ते ऐंशी वर्षं नुसता वाढतो, मग शेंड्यावर एकदाच लक्षावधी फुलांचा प्रचंड तुरा काढतो, फळं पिकली की मरतो. आमच्या गाडीवाल्याला बुंध्याशी उभं केलं, तेव्हा कुठे एक बरा फोटो मिळाला. त्याच्या आजोबांचे आजोबा रत्नागिरीकडून ऊसमळ्यांवर आले होते. त्याचं मराठी गणपतीच्या आरतीपुरतं उरलंय, बाकी आमचं मोडकं हिंदी-इंग्रजी. ओलाव्यातल्या अळवाकडे बोट दाखवून तो म्हणाला, "ब्रेद सोंज." इकडे त्याची भाजी करतात. वड्यांचं बायकोने त्याला हातवारे करून समजावलं. किती कळलं देव जाणे.

तेवढ्यात सर आली, दहा मिनिटांची. ढग आले तशी चकाकी गेली. पळत तळ्याकडे आलो, लांबची लेन्स लावली आणि काठावर फतकल मारून बसलो. ओल्या पानांवर पाणी साचलेलं नव्हतं. कडेला खाच असते, तिथून ते निघून जातं. गाडीवाल्याने खांद्याला हात लावला. "पुल दो!" पाण्यातली कोंबडी. म्हणजे आपली पाणकोंबडीच, काळी, लाल चोचीची. ती एका पानाच्या कडेवरून उतरली, मधोमध चालत गेली, थांबली. पान जराही हललं नाही. तीन फोटो मिळाले, त्यातला एक धारदार.

चिपळूणला आल्यावर तो मोठा छापून आईला दाखवला. तिने चष्मा वर केला, जवळ धरून पाहिला आणि म्हणाली, "अगो बाई, केवढीशी कोंबडी ही!"