अण्णांची भावांची वही

गेल्या पावसाळ्यात माळा गळायला लागला म्हणून जुनी ट्रंक खाली उतरवली, तेव्हा अण्णांच्या वह्या हाती लागल्या. दोन वाळवीने खाल्लेल्या, पाच शाबूत. आत फक्त भाव. १९८६ पासून १९९८ पर्यंत, एकाच शेअरचे.

अण्णा हर्णैच्या पोस्टात होते. मुंबईचा पेपर दापोलीवरून एसटीने दुपारी यायचा. जेवण झालं की ते बाजारभावाचं पान पसरून बंद भाव, म्हणजे दिवसअखेरचा भाव, उतरवायचे. पुढे निळ्या शाईने अधिक किंवा उणे, भाव हलला नसेल तर शून्य. सेन्सेक्सही १९८६ सालचाच, १९७८-७९ चे १०० धरून सुरू केलेला. दोन्ही हिशेब एकाच वर्षी सुरू झाले, याची अण्णांना कल्पना असेल असं वाटत नाही.

मी रत्नागिरीला कॉलेजात स्टॅटिस्टिक्स शिकवते. वह्या बघून मी कॉम्प्युटर उघडला, तशी आई म्हणाली, "जेवून तरी घे गो. त्यांचंही असंच होतं."

बाजार कार्यक्षम आहे का, हे या भावांवरून तपासायचं माझ्या मनात आलं. कार्यक्षम म्हणजे जी माहिती लोकांना आहे ती भावात आधीच मुरलेली आहे. अर्थशास्त्रज्ञ युजीन फामा यांनी १९७० च्या लेखात याच्या तीन पायऱ्या मांडल्या. सगळ्यात खालची पायरी अशी, की जुन्या भावांवरून पुढचा भाव ओळखता येत नाही. वहीवरून तपासता येईल ती एवढीच.

तपासायला अधिक-उणे पुरतात. सलग एकाच चिन्हाचा एक पट्टा धरायचा. १०० चढ, १०० उतार आणि क्रम नाणेफेकीसारखा असेल, तर सरासरी १०१ पट्टे निघायला हवेत. फारच कमी निघाले तर भावाला कालची आठवण आहे. पहिल्या तीन वह्यांत पट्टे भलतेच कमी निघाले आणि मी मनातल्या मनात लेखाचं शीर्षकसुद्धा ठरवून टाकलं. विकसनशील देशाचा कच्चा बाजार, वगैरे.

मग एका शून्याशेजारी पेन्सिलीने लिहिलेलं दिसलं, 'व्य. ना.' पुढच्या पानावर पुन्हा तेच. व्यवहार नाही. त्या दिवशी तो शेअर कोणी घेतलाच नव्हता. अण्णांनी आदल्या दिवसाचा भाव पुढे ओढला होता आणि मी शून्यं मागच्या पट्ट्याला चिकटवून मोकळी झाले होते. मंगळवारची बातमी भावात शुक्रवारी उतरली, ती लोकांना उशिरा कळली म्हणून नव्हे. मधे सौदाच झाला नाही म्हणून. कमी उलाढालीच्या बाजारात निर्देशांकालाही हीच बाधा होते: काही शेअर आजच्या भावाने मोजले जातात, काही परवाच्या. त्यातून निघणारी आठवण खोटी असते. सर्किट, म्हणजे एका दिवसात भाव किती हलू द्यायचा याची मर्यादा, लागून भाव अडला आणि उरलेला चढ दुसऱ्या दिवशी आला तरी तेच.

आमच्या बंदरात सौदा डोळ्यांसमोर होतो. संध्याकाळी पुळणीवर पापलेट-सुरमईची बोली लागते, पण चुलतभावाला दुसऱ्या बंदरातला भाव होडीवरच फोनवर कळलेला असतो. केरळात १९९७ ते २००१ मध्ये मोबाइल आले तेव्हा किनाऱ्यावर तारल्यांच्या भावातली तफावत कशी मिटत गेली, हे अर्थशास्त्रज्ञ रॉबर्ट जेन्सन यांनी २००७ मध्ये दाखवलं. मी ते चुलतभावाला सांगितलं. "त्याला अभ्यास कशाला हवा?" म्हणाला.

तर मुद्दा असा, की बाजार कार्यक्षम आहे की नाही, असा एकच शिक्का मारण्यात मला आता रस उरलेला नाही. अण्णांच्या वह्यांपुढे मी निर्देशांकाचे आकडे घेतले आणि भावाला कालची आठवण किती, हे एका वेळी २५० दिवसांपुरतं मोजत ती खिडकी महिन्या-महिन्याने पुढे सरकवत नेली. निकालाऐवजी रेघ मिळते. तिच्यावर मी सालं लिहिली: १९९२ चा घोटाळा, १९९४ मध्ये राष्ट्रीय शेअर बाजाराचे पडद्यावरचे सौदे, १९९६ मध्ये डिमॅट (कागदाऐवजी खात्यात नोंदलेले शेअर), २००१ मध्ये 'बदला' पद्धतीवर, म्हणजे सौदा पुरा न करता पुढे ढकलण्यावर, बंदी. रेघ काही शहाण्या मुलासारखी एका दिशेने जात नाही. सुधारते, बिघडते, परत सुधारते. अर्थशास्त्रज्ञ अँड्र्यू लो यांनी २००४ मध्ये बाजार परिस्थितीशी जुळवून घेत बदलत राहतो असं मांडलं, ते मला हिच्याकडे बघून जास्त पटतं. फक्त खिडकी फसवते. एक मोठी आपटी आत आली की २५० दिवस मुक्काम ठोकते, आणि बाहेर पडते त्या दिवशी रेघ टुणकन उडी मारते. विद्यार्थी हमखास विचारतात, "मॅडम, या दिवशी काय झालं?" काहीच झालेलं नसतं.

आणि भाव ओळखता आला तरी हाती काय येणार, हा हिशेब वेगळाच. १९९३ मध्ये अण्णांनी ५० शेअर विकायला काढले. सर्टिफिकेटं, ट्रान्सफर फॉर्म, सगळं स्वतःच्याच पोस्टातून रजिस्टर केलं. कंपनीकडून काही महिन्यांनी परत आलं: सही जुळत नाही. तोवर भाव उतरला होता. आता सौदा दुसऱ्या दिवशी पुरा होतो, २०२३ पासून सगळ्याच शेअरचा. त्या काळी मात्र ती सही दलालापासून कंपनीपर्यंत प्रत्येकाने भिंग लावून बघायची.

त्या आठवड्याच्या पानावर भाव नाहीत. समासात एकाखाली एक अकरा सह्या आहेत, आडनावाची वेलांटी प्रत्येक वेळी जरा वेगळी. नवव्या सहीपाशी शाई संपली असावी, कारण शेवटच्या दोन पेन्सिलीने केल्यात.