तुम्ही विचारलंत म्हणून: समीर

"समीर? म्हणजे तुम्ही हिंदू की मुसलमान?" चिपळूणच्या एसटीत, पुण्यात घर भाड्याने बघताना, लग्नाच्या पंगतीत, हा प्रश्न मला येतच राहतो. मस्कतला नोकरीला होतो तिथे तो उलट बाजूने यायचा. तू अरब नाहीस, मग तुझं नाव आमचं कसं?

आईने हे नाव ठेवलं ते वाऱ्यासाठी. अमरकोशात वायूच्या नावांत 'समीर' आहे, त्याच ओळीत 'समीरण' आहे. आमच्या वर्गात आम्ही तीन समीर होतो, दोन हिंदू आणि एक मुसलमान. हजेरीला आडनाव घेतल्याशिवाय बाईंचं भागत नसे. तिसऱ्याच्या घरी याचा अर्थ निराळा असेल, हे तेव्हा डोक्यातच आलं नाही.

तो अर्थ मला मस्कतला एका इजिप्शियन सहकाऱ्याने सांगितला. अरबीत 'समर' म्हणजे रात्रीच्या गप्पा. दिवसभर तापलेल्या मुलखात माणसं मोकळी होतात ती अंधार पडल्यावर. चांदण्यात बसून जागायचं, कविता म्हणायच्या, जुन्या लढायांच्या गोष्टी सांगायच्या. त्या बैठकीत जो सोबत जागतो तो 'समीर', आणि ती 'समीरा'. सावळ्या माणसाला म्हणतात तो 'अस्मर' शब्दही याच धातूतला. एका माणसाला सोबतीवरून नाव द्यावं, ही कल्पना मला फार आवडते. पराक्रम नाही, ऐश्वर्य नाही, नुसतं जागं राहणं.

नाव धर्माला बांधलेलंही नाही. कैरोत 1931 साली जन्मलेले अर्थशास्त्रज्ञ समीर अमीन होते, तसे लेबनॉनमधले ख्रिस्ती नेते समीर जाजा आहेत. स्लोव्हेनियाचा माजी फुटबॉल गोलरक्षक समीर हांदानोविच मूळच्या बोस्नियन घरातला. म्हणून बाळासाठी हे नाव ठेवू का, असं कुणी विचारलं तर मी बिनदिक्कत ठेवा म्हणतो. फक्त दोन्ही अर्थ मुलाला सांगा. दोन्ही शब्दांचं मूळ एक नाही. संस्कृत आणि अरबी आपापल्या वाटेने येऊन एकाच उच्चाराशी थांबल्या आहेत.

सुट्टीवर घरी आलो तेव्हा आईला हा अरबी अर्थ सांगितला. भाजी निवडता निवडता ती थांबली. आजोबा रोज ओटीवर कंदील बारीक करून बसायचे, गावातली चार माणसं जमायची, बोलणं मध्यरात्र उलटून जायचं. "मग हे नाव त्यांचं होतं रे," ती म्हणाली.