शाडूनं भरलेले हात

वीस वर्षं जलरंगात काढली. रंकाळा तलावातला दगडी संध्यामठ किती वेळा रंगवला, मोजलं नाही. आज पहिल्यांदा बापट कॅम्पातल्या कुंभारवस्तीत एका मूर्तिकार मामांच्या शेजारी शाडू मळायला बसलो. गणपतीचा कान तीनदा घसरला. मामा म्हणाले, "डोळ्यानं नको, अंगठ्यानं बघ की!" आणि खरंच, सावली बोटांना कळायला लागली. इतकी वर्षं मी ती नुसती पाण्यानं पसरवत होतो!

नाटकाचे पडदे रंगवणाऱ्या बाबूराव पेंटरांनी १९१८च्या सुमारास स्वतः सिनेमाचा कॅमेरा बनवला, तोही आपल्याच कोल्हापुरात. दिवसभर तेच आठवत होतं.

घरी आलो तरी नखांतली माती धुववत नाहीये. उद्या सकाळी सातला परत बोलावलंय. सोंडेचं वळण शिकायचंय.