एका टेस्टसाठी बाहेरचे लोक कशाला?

"काहून हो, साध्या तापाच्या टेस्टसाठी बाहेरच्या देशातल्या लोकायसोबत काम करा लागते? आपल्याच्यानं होत नाही का?"

मी नागपुरात विषाणूंच्या प्रयोगशाळेत काम करते, त्यामुळे हा प्रश्न लग्नकार्यात मावश्या विचारतात, कॉलनीत शेजारी विचारतात, कधी पेशंटचे वडीलही विचारतात. तुम्हीही विचारलंत, म्हणून नीट सांगते.

सुरुवात आपल्या घरापासूनच करू. १९६५ साली नागपुरात डेंगी-चिकुनगुन्याची साथ होती. त्या वेळी चांदीपुऱ्यातल्या दोन तापाच्या रुग्णांच्या रक्तात पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राला निराळाच विषाणू सापडला. आज जगभर त्याला चांदीपुरा विषाणू म्हणतात. हे केंद्र १९५२ मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि अमेरिकेतली रॉकफेलर फाउंडेशन यांनी मिळून सुरू केलं होतं. म्हणजे आपल्या गावाचं नाव लागलेला विषाणू सापडला तोच दोन देशांनी मिळून उभारलेल्या प्रयोगशाळेत. पुढे तो आफ्रिकेतल्या सेनेगलमध्ये, हा विषाणू पसरवणाऱ्या सँडफ्लाय नावाच्या चावऱ्या बारीक माश्यांमध्येही मिळाला.

२००३ साली याच विषाणूमुळे आलेल्या मेंदूज्वराच्या साथीत एकट्या आंध्र प्रदेशात ३२९ मुलं आजारी पडली आणि त्यातली १८३ गेली, बहुतेक दवाखान्यात आणल्यापासून चोवीस तासांच्या आत. हे आकडे मी विसरू शकत नाही. यावर खास औषध आजही नाही, मग टेस्ट कशाला, असंही लोक विचारतात. मेंदूज्वर नेमका कशाचा आहे ते कळलं, तर त्या गावात फवारणी आजच सुरू होते आणि शेजारच्या घरातलं तापलेलं मूल आजच दवाखान्यात येतं. इथला नमुना सातशे किलोमीटरवर पुण्याला जाऊन उत्तर येईपर्यंत तो दिवस हातचा गेलेला असतो.

टेस्ट बनवणं वेगाने होऊ शकतं. चीनमधल्या शास्त्रज्ञांनी ११ जानेवारी २०२० रोजी कोरोनाचा जनुकीय क्रम सगळ्यांसाठी खुला केला आणि दोनच दिवसांत बर्लिनच्या शारिते रुग्णालयातल्या गटाची पीसीआरची, म्हणजे नमुन्यात विषाणूची जनुकं शोधणाऱ्या टेस्टची, पद्धत जागतिक आरोग्य संघटनेने जाहीर केली. त्या गटाकडे नव्या विषाणूचा एकही नमुना नव्हता. २००३ च्या सार्सच्या साथीचा, कोरोनाच्याच कुळातला, जपून ठेवलेला विषाणू त्यांच्या कामी आला.

खरी अडचण पुढे असते: बनवलेली टेस्ट कोणाच्या रक्तावर पारखायची? रक्तातली प्रतिपिंडं, म्हणजे विषाणूशी लढायला शरीर बनवतं ती प्रथिनं, शोधणारी झिकाची टेस्ट जिथे डेंगी नाही अशा देशात पारखली, तर ती उत्तम दिसेल. आपल्याकडे कितीतरी लोकांना कधी ना कधी डेंगी होऊन गेलेला असतो. डेंगी आणि झिका एकाच कुळातले. जुन्या डेंगीची प्रतिपिंडं झिकाच्या टेस्टला चिकटतात आणि झिका झालेला नसतानाही टेस्ट तो झाल्याचं दाखवते. झिका पोटातल्या बाळाला इजा करू शकतो; गरोदर बाईच्या हातात असा चुकीचा रिपोर्ट पडला तर त्या घरावर काय येईल, याचा विचार करा. हा दोष बाहेरच्यांना त्यांच्या टेबलावर दिसणारच नाही, तो इथल्या रक्तावरच दिसतो. म्हणून मला वाटतं, या कामात आपण शिकायला बसलेले विद्यार्थी नाही. आपल्याशिवाय त्यांचीही टेस्ट अर्धीच राहते.

दुसरी गोष्ट उन्हाची. पुष्कळशा रॅपिड किटवर, म्हणजे पट्टीवर रेघ उमटवून झटपट उत्तर देणाऱ्या टेस्टवर, लिहिलेलं असतं, २ ते ३० अंशांत ठेवा. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. एका मे महिन्यात आमच्या किटचा खोका दुपारभर पत्र्याच्या शेडखाली पडून राहिला. पट्ट्या वापरल्या तेव्हा कंट्रोलची, म्हणजे टेस्ट चालली असं सांगणारी, रेघ ठसठशीत उमटली, आणि ज्यात विषाणू असल्याची आधीच खात्री होती त्या नमुन्याची रेघ जेमतेम दिसली. कंट्रोलची रेघ आली की लोक निर्धास्त होतात. मला मात्र तेव्हापासून तिची भीती वाटते, कारण पट्टीवर द्रव नीट पुढे सरकला यापलीकडे ती फारसं काही सांगत नाही. आम्ही तो सगळा खोका बाद केला. एखाद्या दुर्गम आरोग्य केंद्रात खात्री करायला असा नमुना कुठून असणार?

तुमच्या प्रश्नामागे एक शंका असते, ती रास्त आहे: आपले नमुने घेऊन बाहेरचे लोक किट बनवतील आणि आपल्यालाच महाग विकतील. इंडोनेशियाने २००७ मध्ये याच कारणावरून बर्ड फ्लूचे नमुने देणं थांबवलं होतं. त्यांच्या विषाणूपासून बनणारी लस त्यांनाच परवडणार नव्हती. त्यातून २०११ साली जागतिक आरोग्य सभेत फ्लूच्या अशा विषाणूंपुरती एक चौकट ठरली: विषाणू वाटून घ्यायचे, तर फायदाही वाटायचा. बाकीच्या विषाणूंसाठी प्रत्येक करारात हे आपणच लिहून घ्यावं लागतं. नमुना बाहेर जाण्याआधी किटचा दर कागदावर हवा, यावर मी अडून बसते.

मागच्या बैठकीत दराचं बोलणं झाल्यावर आमच्यासोबत काम करणाऱ्या बाहेरच्या देशातल्या गटाच्या बाईंनी विचारलं, तुमच्या गोदामात दुपारी नक्की किती तापमान असतं? तेव्हापासून तिथे थर्मामीटर टांगला आहे. रोज दुपारी तीनची नोंद मी त्यांना पाठवते.