तुम्ही विचारलंत म्हणून: डीजेची सुरुवात कशी केली

दर आठ-पंधरा दिवसांनी कोणी ना कोणी विचारतंच, की दादा, मला पण पार्ट्यांना आणि शाळांच्या डान्सला डीजे वाजवायचाय, तुम्ही सुरुवात कशी केलीत? आणि मी दरवेळी सामानाची यादी पाठवून मोकळा होतो. दोन चॅनलचा कंट्रोलर (लॅपटॉपला जोडून गाणी मिसळायचं यंत्र), लॅपटॉप, बारा इंची पॉवर्ड स्पीकरची जोडी, स्टँड, वायरवाला माईक, हेडफोन आणि प्रत्येक वायरीची एक जास्तीची. समोरचा खूश, थँक्यू दादा, विषय संपला. त्याने विचारलेलं असतं सुरुवात कशी केलीत आणि मी सांगितलेलं असतं काय विकत घ्या, हा फरक त्याच्या लक्षात येत नाही आणि मी येऊ देत नाही. कितीतरी वर्षं हे असंच चाललंय. आता त्या यादीचाच मला वैताग आलाय, म्हणून एकदा सगळं लिहून टाकतो, पुढच्याने विचारलं की हेच पाठवीन.

सामानाचं आधी उरकतो, नाहीतर तुमचं लक्ष तिथेच अडकून राहणार. सगळ्यात जास्त डोकेफोड वॅटवरून होते. हजार वॅटच्या जागी दोन हजार घेतले की आवाज दुप्पट, असं मलाही वाटायचं. होत नाही. पॉवर दुप्पट केली की 3 डेसिबल वाढतात, कानाला फरक कळतो पण जेमतेम. आवाज दुप्पट वाटायला साधारण 10 डेसिबल लागतात, म्हणजे पॉवर दहापट. त्यापेक्षा चांगले स्टँड घ्या आणि स्पीकर डोक्यांच्या वर न्या. खाली ठेवलेत तर चढा, बारीक आवाज सगळा पुढच्या माणसांच्या अंगातच जिरतो, मागे नुसती धडधड पोचते, मागचे ओरडतात ऐकू येत नाही, तुम्ही वाढवता, आणि पुढच्यांचे कान जातात. आणि शाळेत पुढे कोण असतं? बारा वर्षांची पोरं, स्पीकरला चिकटून. अमेरिकेच्या नायॉश या संस्थेचा कामाच्या जागेसाठीचा हिशोब आहे, कानांना किती आवाज किती वेळ चालतो याचा, 85 डेसिबलला आठ तास, आणि पुढे दर 3 डेसिबलला वेळ निम्मा, म्हणजे 100 डेसिबलला फक्त 15 मिनिटं. तो पण मोठ्या माणसांसाठी. मोबाईलवरचं मीटर अचूक नसतं पण अंदाज येतो, पोरं जिथे उभी असतात तिथे जाऊन बघत जा, कंट्रोलरमागे बसून नाही.

कंट्रोलरवरचा लाल दिवा लागला म्हणजे मस्त जोरात वाजतंय असं समजू नका, तेव्हा आवाजाची लाट वरून कापली जात असते, आणि असंच रेटत राहिलात तर आधी ट्वीटर, म्हणजे बारीक आवाज देणारा छोटा स्पीकर, जातो. माझा गेलाय. स्पीकरमधून सतत हूंऽऽ असा आवाज येत असेल तर लॅपटॉपचा चार्जर काढून बघा, थांबला तर ग्राउंड लूप आहे, म्हणजे दोन यंत्रांच्या अर्थिंगमधून फिरणारा करंट. साऊंडची लाईन वेगळी, लाईट्सची वेगळी. एक्स्टेंशनची रीळ पूर्ण उलगडायची, गुंडाळलेली वायर लोड आला की तापते. गाणी स्वतःकडे फाईल म्हणून हवीत, कारण हॉलमध्ये नेटचा भरवसा नसतो आणि आपण घरी ऐकायला जे सबस्क्रिप्शन घेतो ते बहुतेक वेळा स्वतःपुरतंच असतं, कार्यक्रमात वाजवायला चालत नाही. गाणी वाजवायचा परवाना कोणाच्या नावावर आहे, हॉलच्या की आयोजकाच्या, हे बुकिंग घेतानाच विचारायचं. झालं. एवढं सगळं दोन-तीन महिन्यांत हाताला बसतं, बीट मॅचिंगसकट, म्हणजे दोन गाण्यांचा ठेका जुळवण्यासकट. त्याला माझी गरज नाही.

माझी खरी सुरुवात म्हणाल तर ओळखीतल्यांचे वाढदिवस, फुकट, पाच-सहा झाले असतील, मग त्यातल्या एका आईने तिच्या मुलीच्या शाळेत नाव सुचवलं. शाळेच्या डान्सला बरेच डीजे नाक मुरडतात, पोरंटोरं आहेत काहीही लावा म्हणतात, आणि मला त्याचा खरंच राग येतो. अहो हिप-हॉपची सुरुवात ज्या रात्रीपासून मोजतात ना, 11 ऑगस्ट 1973, ती न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधल्या एका इमारतीतल्या छोट्या हॉलमधली पार्टी होती, सिंडी कॅम्पबेल नावाच्या मुलीने शाळा सुरू व्हायच्या आधी नवीन कपडे घ्यायला पैसे जमावेत म्हणून ठेवलेली, आणि वाजवत होता तिचा भाऊ, कूल हर्क. त्याने बघितलं की गाण्याच्या मधल्या नुसत्या ड्रम्सच्या तुकड्यावर लोक जास्त नाचतात, तर तो तोच तुकडा लांबवायला लागला. म्हणजे त्याने आधी फ्लोअरकडे बघितलं. मला हे फार आवडतं, आणि पुढे जे सांगणार आहे ते पण फ्लोअरकडे बघण्याचंच आहे, पण वेगळ्या अर्थाने.

माझा तिसरा शाळेचा डान्स. खेळायचा बंद हॉल, गुळगुळीत जमीन, टाळी वाजवली तर दोन सेकंद घुमणारा. दोनेकशे पोरं. एका बाईंकडे सगळी जबाबदारी होती, त्यांनी आठवडाभर आधी फोन करून सांगितलेलं, फक्त क्लीन व्हर्जन, एकही घाणेरडा शब्द नको. मी हो म्हटलं आणि पाळलं पण, एकूण एक फाईल क्लीन व्हर्जनची होती. पहिली चाळीस मिनिटं फ्लोअर रिकामं. ज्याने वाजवलंय त्याला माहितीये हे काय असतं, मुलं एका भिंतीला, मुली दुसऱ्या भिंतीला, मध्ये लाईटचे ठिपके एकटेच फिरतायत, आणि तुमच्या पोटात गोळा. मग एका गाण्याला चार मुली मध्ये आल्या, मग दहाजणं, आणि पाच मिनिटांत हॉल भरला. मी हवेत. मोठ्यांच्या पार्टीत मी एक गोष्ट हमखास करायचो, सगळ्यांना पाठ असलेली ओळ आली की फेडर, म्हणजे आवाज कमी-जास्त करायची सरकपट्टी, खाली ओढायचा आणि ती ओळ लोकांना म्हणायला लावायची. इथे पण केली. दोनशे कोवळे आवाज त्या घुमणाऱ्या हॉलमध्ये, माझ्या अंगावर काटा आला. परत केली. परत तसंच.

तिसऱ्यांदा जे गाणं होतं त्यात रॅपचा तुकडा होता. क्लीन व्हर्जनमध्ये त्यातला एक शब्द पुसलेला, तेवढी अर्धा सेकंद जागा रिकामी. मी त्या ओळीला फेडर ओढला. आणि सगळ्यांनी ती ओळ म्हटली, पुसलेल्या शब्दासकट, खणखणीत, मागे संगीत काही नाही. त्यात पुढे उभा असलेला एक मुलगा, मोठ्या भावाचा असावा असा ढगळ शर्ट, बाह्या दोनदा दुमडलेल्या, तो मागे पडला. उशिरा म्हणाला. सगळ्यांचा आवाज थांबल्यावर त्याचा एकट्याचा आवाज त्या शब्दावर आला आणि तो शब्द हॉलमध्ये घुमला.

बाईंनी त्याचा दंड धरला. त्याने आधी बाईंकडे नाही, माझ्याकडे बघितलं.

मग त्या माझ्याकडे आल्या, क्लीन लावायला सांगितलं होतं ना तुम्हाला? मी लॅपटॉप वळवून त्यांना फाईलचं नाव दाखवलं. म्हटलं, मॅडम, क्लीनच आहे, शब्द मुलांनी घातला. त्यांनी वाचलं, मान हलवली, म्हणाल्या बरं. त्या मुलाला बाहेर कॉरिडॉरमध्ये बाकावर बसवलं, ते शेवटपर्यंत. दाराला काचेची उभी पट्टी होती, त्यातून मला त्याचा एक गुडघा आणि एक बूट दिसत होता. सव्वा तास मी पुढे वाजवलं. पैसे पूर्ण मिळाले.

आता यावर माझं जे म्हणणं होतं ते सांगतो, कारण ते मी खूप वर्षं मनापासून मानलं. शब्द माझ्या स्पीकरमधून आलाच नाही. क्लीन सांगितलं, क्लीन दिलं. दोनशे पोरांना तो शब्द आधीच पाठ होता, तो काय मी शिकवला नाही. शिक्षा कोणाला करायची ते शाळेने ठरवलं. आणि मी वीस वर्षांचा होतो, नवीन होतो, तिथे मध्ये पडून बोललो असतो तर परत कोणी बोलावलं नसतं. यातलं एक पण वाक्य खोटं नाहीये. आजही कोणी मला यावरून बोललं तर मी हीच वाक्यं म्हणेन, बहुतेक याच क्रमाने.

पण एक गोष्ट मी कोणालाच सांगितली नव्हती. त्या ओळीच्या बरोबर आधी माझा क्यू पॉइंट होता, म्हणजे गाण्यातली हवी ती जागा स्क्रीनवर दिसावी म्हणून लावलेली खूण. लाल रंगाचा. मी स्वतः घरी बसून लावलेला, कारण मोठ्यांच्या पार्टीत लोक त्याच शब्दावर सगळ्यात जास्त ओरडतात आणि फेडर तिथेच ओढायचा असतो. म्हणजे हात चुकून गेला, विसरलो, ओघात झालं, असं म्हणायची सोय नाही. स्क्रीनवर फाईलचं नाव होतं आणि त्याच्याच खाली तो लाल ठिपका होता, बाई दोन्हीकडे बघत होत्या, त्यांना नाव वाचता येत होतं, ठिपक्याचा अर्थ माहीत नव्हता. मला माहीत होता. मी त्यांना एवढंच म्हणायला हवं होतं की मॅडम, मी म्हणायला लावलं म्हणून ते म्हणाले, त्याला आत घ्या. पंधरा शब्द पण नाहीत. माझ्या हातात माईक होता.

मी त्या रात्री घरी जाऊन तो क्यू काढला नाही. हे पण लिहायला हवं. पुढच्या मोठ्यांच्या पार्टीला तो वापरला, हॉल पेटला. काढला तो बऱ्याच महिन्यांनी, आणि तेव्हाही कोणीतरी काही बोललं म्हणून नाही, गाणंच जुनं झालं म्हणून.

आता शाळांसाठी माझी लायब्ररी पूर्ण वेगळी आहे. प्रत्येक गाणं हेडफोन लावून शेवटपर्यंत ऐकलेलं, क्लीन लिहिलंय म्हणून विश्वास नाही, पुसलेला शब्द कुठे आहे ते लिहून ठेवलेलं, आणि शब्दाची जागा इतकी उघडी असेल की पोरं ती भरणारच, तर ते गाणं बाद. शाळेत फेडर ओढून गाऊन घेत नाही, कुठल्याच गाण्याला. जबाबदार शिक्षकांना आधीच सांगतो की काही झालं तर मुलाकडे जायच्या आधी माझ्याकडे या. माझा एक मित्र, तोही हेच काम करतो, तो म्हणतो तू अती करतोस, पोरांना सगळं माहीत असतं, तू त्यांची मजा घालवतोयस, सगळ्यांनी मिळून एक ओळ म्हणणं हीच तर डान्सची खरी गंमत. तो चूक बोलत नाही. ते दोनशे आवाज मला अजून आठवतात, त्या शब्दाच्या आधीचे, आणि तसं परत मी कुठल्याही शाळेत ऐकलेलं नाही, कारण मीच होऊ देत नाही. कधीकधी वाटतं मी मुलांना नाही, स्वतःलाच जपतोय. कधीकधी वाटतं तसं असलं तरी चालेल.

त्याच शाळेने पुढच्या वर्षी परत बोलावलं. त्याच बाई, तोच हॉल, मी गेलो. जाताना ठरवलं होतं की त्यांना त्या लाल ठिपक्याचं सांगायचं. सामान लावताना त्या दोनदा येऊन गेल्या, पाणी विचारलं, वायरींवर नीट टेप मारा म्हणाल्या, मी हो मॅडम म्हटलं. तासाभराने एक मुलगा टेबलापाशी आला, रिक्वेस्ट द्यायला. मला वाटलं तोच. पण शर्ट मापाचा होता, आणि त्या वयात पोरं वर्षभरात वीतभर वाढतात, चेहरा पण बदलतो. त्याने गाण्याचं नाव सांगितलं, साधं गाणं, माझ्याकडे होतं. मी म्हटलं दोन गाण्यांनी लावतो. तो बरं म्हणाला आणि तिथेच उभा राहिला, स्क्रीनकडे बघत, ते येईपर्यंत.