सायटिका, पुण्याची बस आणि ठरलेली सीट

कंबरदुखीच्या माणसाला प्रवासाचे जे सल्ले मिळतात, ते सगळे गाडीत बसल्यानंतरचे असतात. उशी घ्या, पट्टा बांधा, मधेमधे उठा. गाडीत नीट जागा हाती येईपर्यंत काय करायचं हे कुणी सांगत नाही, आणि माझं अडलं ते नेमकं तिथेच. म्हणून हे लिहायला बसलोय. त्या दिवसाचा राग अजून उतरलेला नाही.

माझं दुखणं म्हणजे कमरेच्या खालच्या मणक्यांमधली गादी सरकलेली. रिपोर्टात एल ४-एल ५ असं लिहिलंय. डाव्या कुल्ह्यापासून पोटरीपर्यंत कळ जाते, यालाच सायटिका म्हणतात. चालताना बरं असतं, उभं राहिलं तरी चालतं, बसलं की अर्ध्या तासात पाय पेटतो. फिजिओथेरपिस्ट बाईंनी कारण समजावून सांगितलं होतं : पोक काढून बसलं की त्या गादीवर दाब वाढतो आणि ती शेजारच्या नसेला टोचते. पाठ थोडी मागे रेलली आणि कमरेच्या खळगीला आधार मिळाला की हाच दाब कमी होतो. माझा सगळा प्रवास या एका गोष्टीवर उभा होता.

लेकीला पुण्यात इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला आणि तिला हॉस्टेलवर सोडायला जायचं ठरलं. नाशिकहून पुण्याला थेट रेल्वेमार्ग नाही, त्यामुळे रस्ताच धरायचा. साधारण दोनशे दहा किलोमीटर. स्वतःची गाडी काढावी तर क्लच डाव्या पायाचा, आणि डॉक्टरांनी तो पाय वापरायला स्पष्ट नाही म्हटलं होतं. भाड्याच्या गाडीत मागे आडवं होता येतं हे खरं, पण फी भरून झाल्यावर तो खर्च जड होता. उरली बस.

सीट मी विचार करून निवडली. सातपूरला मशीन शॉपमध्ये आयुष्य गेलंय, धक्का कुठून येतो आणि कुठे जातो हे मला समजतं. बसची मागची चाकं जिथे आहेत तिथे आणि त्याच्या मागे सर्वांत जास्त आदळआपट होते, कारण चाकांच्या मागचा भाग नुसता लोंबकळत असतो. सीसॉच्या फळीचं टोक जसं सर्वांत जास्त वर-खाली होतं, तसं शेवटच्या रांगेचं होतं. पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मधला भाग सगळ्यात शांत. म्हणून पाचवी रांग, आणि तीही पॅसेजच्या बाजूची सीट, म्हणजे कुणाला न उठवता उभं राहता येतं. टू बाय टू पुशबॅक बस, १७ आणि १८ नंबर. पैसे भरले, तिकीट आलं, सीट नंबर तिकिटावर छापलेले.

प्रवासाच्या दिवशी द्वारका ते मुंबई नाका या पट्ट्यातल्या त्या ट्रॅव्हल्सच्या ऑफिसात आम्ही वेळेआधी पोहोचलो. नाव लिहीत नाही. काउंटरवरच्या मुलाने तिकीट पाहिलं आणि मान न उचलता म्हणाला, "काका, गाडी बदलली. तुम्हाला लास्टला दोन दिल्यात."

मी म्हटलं, माझी सीट १८ आहे, तिकिटावर लिहिलेलं आहे.

"ते जुन्या गाडीचे नंबर. ही सीटर-स्लीपर आहे. ॲडजस्ट करून घ्या."

मी फाइल काढली, डॉक्टरांची चिठ्ठी दाखवली. त्याने वाचली नाही. "मागेपण पुशबॅक आहे काका." मी बाहेर जाऊन गाडीत चढून पाहिलं. शेवटच्या रांगेच्या पाठीमागे सरळ भिंत. सीट मागे जाणार कुठे? पाठ ताठ काटकोनात, पाय दुमडलेले, आणि जागा मागच्या चाकांच्याही मागे. त्या जागेवर मी संगमनेरपर्यंतसुद्धा टिकलो नसतो.

परत काउंटरवर. आता तो म्हणाला, "मग कॅन्सल करा." करतो, पैसे द्या. "पैसे तुम्ही ज्या ॲपवरून तिकीट काढलं तिथून मिळतील." लेकीने ॲपच्या हेल्पलाइनला फोन लावला. बराच वेळ गाणं वाजलं, मग तिथली मुलगी म्हणाली, गाडी सुटायला एवढा कमी वेळ राहिल्यावर रद्द केलं तर परतावा मिळत नाही. सीट बदलली असेल तर ऑपरेटरने तसं कळवायला हवं. मी काउंटरवर सांगितलं, कळवा. तो म्हणाला, आम्ही नाही कळवत, ते ॲपवाले बघतात. फोन चालू होता, दोघांमध्ये माझं डोकं. मी फोन त्याच्यापुढे धरला तर त्याने हात वर केले आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला.

या सगळ्यात ऑफिसात बसायला काय होतं? बिनपाठीचे प्लास्टिकचे स्टूल. त्यावर बसणं मला शक्य नव्हतं. मी दाराच्या पायरीवर एक पाय ठेवून उभा राहिलो. एक पाय थोड्या उंचीवर ठेवला की कमरेचा बाक सैल होतो आणि बराच वेळ उभं राहता येतं. हे फिजिओ बाईंनीच शिकवलेलं. थोड्या थोड्या वेळाने पाय बदलायचा. अधूनमधून फुटपाथवर दुकानांच्या रांगेपर्यंत चालून परत यायचं. कुठेही ताटकळायची वेळ आली तर असं करा, स्टूल दिसलं म्हणून बसू नका. त्या ऑफिसातला वेळ मला पुढच्या सगळ्या रस्त्यापेक्षा जास्त दुखला, आणि बसायला नकार दिला नसता तर मी त्या दिवशी पुण्याला गेलोच नसतो.

लेक रडकुंडीला आली होती. "बाबा, राहू दे ना, आपण उद्या जाऊ." उद्या जाणं शक्य होतं, पण उद्याही असंच कुणीतरी "ॲडजस्ट करा" म्हणणार हे मला दिसत होतं. दुखणं बाहेरून दिसत नाही. हाताला प्लास्टर असतं तर चार जणांनी उठून जागा दिली असती. कंबरदुखीचा माणूस धडधाकट दिसतो, म्हणून त्याच्याकडे आडमुठा म्हणून पाहतात. त्या मुलाच्या नजरेत मला तेच दिसत होतं आणि तेच सगळ्यात जास्त लागलं.

मग मी आवाज न चढवता दोन गोष्टी केल्या. पहिली, चार्ट मागितला. तो देईना, पण क्लीनर आत आला तेव्हा त्याच्या हातात होता, तो मी पाहिला. नव्या गाडीत मधल्या भागातल्या सीटवर पेनाने लिहिलेली नावं होती, समोर "फोन" असा शेरा. म्हणजे फोनवर सांगून ठेवलेल्या, पैसे न भरलेल्या सीटा. ज्याने आगाऊ पैसे भरले तो शेवटच्या रांगेत, आणि ज्याने फोन केला तो मध्ये.

दुसरी, तिकिटाच्या प्रिंटच्या मागे मी स्वच्छ अक्षरात लिहिलं : "प्रवाशाने पैसे भरून घेतलेली सीट १७ व १८ दिलेली नाही, शेवटच्या रांगेतील सीट दिली आहे." खाली तारीख, वेळ, गाडीचा नंबर. तो कागद काउंटरवर ठेवला आणि म्हटलं, यावर सही आणि शिक्का द्या. मी भांडत नाही, मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करणार आहे, त्यांना हा कागद लागेल.

तोवर मान न उचलणाऱ्या मुलाने तेव्हा पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. सही करणार नाही म्हणाला. मी म्हटलं, मग नकार दिला असं लिहितो, आणि त्याच्यासमोर लिहिलं, कागदाचा फोटो काढला. त्याने मालकाला फोन लावला. काय बोलणं झालं ऐकू आलं नाही. फोन ठेवल्यावर क्लीनरला सांगितलं, "काकांना मध्ये दे दोन." एवढंच. आमच्यासाठी कुणाला उठवावं लागलं नाही, कारण ती फोनवाली माणसं अजून आलीच नव्हती. म्हणजे जागा पहिल्यापासून रिकामीच होती.

ही रिकामी जागा आठवली की अजून डोकं तापतं.

तेव्हा माझ्यासारख्यांना सांगणं असं की तिकिटाची प्रिंट जवळ ठेवा, नुसता मोबाइलवरचा मेसेज नको. मागे लिहायला कागद लागतो. डॉक्टरांच्या चिठ्ठीचा उपयोग काउंटरवर झाला नाही, लेखी मागण्याचा झाला. आणि आदल्या दिवशीच ऑफिसात फोन करून गाडी तीच आहे का, आपला सीट नंबर मागच्या चाकांच्या पुढे येतो का, हे विचारून ठेवा. सीटर-स्लीपर गाडी असेल तर वरचा बर्थ घेऊच नका. ती शिडी चढताना कंबर पिळली जाते. खालचा आणि गाडीच्या मधल्या भागातला बर्थ मिळत असेल तर मात्र बसण्यापेक्षा उत्तम. कुशीवर झोपून दोन गुडघ्यांमध्ये उशी, किंवा उताणं झोपून गुडघ्यांखाली.

प्रवास मग सरळ झाला. मोहदरीचा घाट, सिन्नर, संगमनेर, पुढे चंदनापुरीचा घाट. अंग पुसायचा टॉवेल गुंडाळून त्याची वळकटी पट्ट्याच्या उंचीवर, कमरेच्या खळगीत ठेवली होती. बाजारात महागड्या उशा मिळतात. टॉवेल हवा तेवढा जाड-बारीक करता येतो म्हणून मला तो जास्त आवडतो. सीट थोडी मागे, पूर्ण नाही. पूर्ण मागे केली की माणूस घसरत पुढे येतो आणि पुन्हा पोक. गतिरोधक दिसला की दोन्ही हातांनी हँडल धरून अंगाचा थोडा भार हातांवर घ्यायचा.

पाकीट मागच्या खिशात ठेवू नका. त्यावर बसलं की एक कुल्हा वर राहतो, कंबर वाकडी होते, आणि तिथेच ती नस जाते.

आळेफाट्याला गाडी थांबली तेव्हा मी खाण्यापेक्षा चाललो. दर अर्ध्या-पाऊण तासाने बसमध्येही उभा राहत होतो, पॅसेजची सीट त्यासाठीच. क्लीनरला आधीच सांगितलं होतं, त्याने एकदाही हटकलं नाही. त्या माणसाबद्दल माझी काही तक्रार नाही. नारायणगाव, मंचर, खेड आणि मग चाकण. चाकणचं ट्रॅफिक ज्यांनी भोगलंय त्यांना सांगायला नको. गाडी दोन पावलं जाते आणि ब्रेक. त्या धक्क्यांनी कंबर जास्त चिडते. म्हणून शक्य असेल तर कंपन्यांच्या शिफ्ट सुटायच्या वेळेला चाकणमध्ये पोहोचू नका. निघायची वेळ त्यावरून उलटी मोजा.

पाणी प्यायलो, भरपूर. लघवीला उतरावं लागेल म्हणून बरेच जण पाणी टाळतात. मला तर ती उतरण्याची सबबच हवी होती.

पट्ट्याबद्दल : प्रवासात बांधला, पोहोचल्यावर काढला. दिवसभर बांधून ठेवला तर कमरेचे स्नायू आळशी होतात असं फिजिओ बाईंचं म्हणणं आहे. गोळी डॉक्टरांनी लिहून दिली तीच, तीही जेवल्यावर. बॅगा लेकीने उचलल्या. बापाला हे जड जातं, पण डिकीतून वाकून बॅग ओढणं हा गादी सरकलेल्या माणसासाठी सगळ्यात वाईट प्रकार आहे. तिथे हमालाला किंवा पोरांना सांगावं. उतरताना आधी दोन्ही पाय एकत्र पॅसेजकडे फिरवायचे, मग उठायचं. कंबरेतून वळून उठायचं नाही.

एक गोष्ट गंभीर आहे. दुखणं कमी-जास्त होत राहतं, त्याला घाबरायचं नाही. पण लघवी-शौचावरचा ताबा गेला, दोन मांड्यांच्या मधली जागा बधिर झाली, किंवा पाऊल उचलता येईना, तर प्रवास तिथेच सोडून जवळच्या मोठ्या हॉस्पिटलात जायचं. त्यात तासांचा हिशेब असतो. हे मला डॉक्टरांनी निघण्याआधी बजावलं होतं, आणि सोबत येणाऱ्या माणसालाही ते माहीत असायला हवं. मी लेकीला सांगून ठेवलं होतं.

परत येताना एकटाच होतो, वाकडेवाडीहून एसटीची ई-बस घेतली. इंजिनाची थरथर नाही, तो फरक कमरेला लगेच कळला. आरक्षणात जो नंबर होता त्याच नंबरावर बसलो, कुणाशी एक शब्द बोलावा लागला नाही. दिवाळीला लेक घरी येईल तीही एसटीनेच. महिलांना २०२३ पासून अर्धं तिकीट आहे, तिचे पैसेही वाचतील. तिला आणायला जायची वेळ आलीच तर जातानाही मी ठक्कर बाजारातून एसटीच पकडणार. तो मागे लिहिलेला कागद अजून फाइलीत, एमआरआयच्या रिपोर्टाला लावून ठेवलाय.