हॅट अपडेट: ओपन क्राऊनला शेप दिला एकदाचा

मंडळी, मागे म्हटलं होतं तसं यावेळी ओपन क्राऊन घेतली, म्हणजे क्राऊनला (हॅटचा वरचा, डोक्यावर बसणारा भाग) कसलीच खाच न पाडलेली, गोल डोक्याची हॅट. सशाच्या केसांचं फेल्ट (केस दाबून केलेलं जाड कापड), गडद करडी, ब्रिम म्हणजे भोवतालची कड साडेसहा सेंटीमीटर.

ओपन क्राऊनच का, तर माझा चेहरा लांबट आणि खांदे रुंद. ट्रिल्बी नावाच्या हॅटची ब्रिम अरुंद आणि मागून वर वळलेली, ती माझ्या डोक्यावर नुसती ठेवल्यासारखी दिसते, म्हणून रुंद ब्रिमची फेडोराच (मधोमध खाच आणि पुढे चिमटा असलेली हॅट) हवी, पण तयार फेडोराचा क्राऊन बऱ्याचदा उंच असतो आणि मग चेहरा अजून लांब वाटतो. ओपन क्राऊनमध्ये उंची आपल्या हातात राहते, कितीही खाली दाबा.

शेपचं म्हणाल तर किटलीच्या वाफेवर क्राऊन धरला, फेल्ट मऊ पडलं की हाताच्या कडेने मधोमध खाच, मग पुढे दोन्ही बाजूंनी चिमटा, आणि गार होईपर्यंत अजिबात हलवायचं नाही. वाफ थोडी थोडीच घ्या, फेल्ट नुसतं दमट व्हायला हवं, ओलं नाही, आणि बोटं सांभाळा. पहिला शेप सेंटर डेंट, म्हणजे मधोमध सरळ खाच, होता, बरा होता पण फारच शिस्तीचा वाटला, म्हणून परत वाफ देऊन आतून वर ढकलला आणि टिअरड्रॉप, म्हणजे वरून थेंबासारखा दिसणारा, केला, तोच ठेवलाय. चिमटा मुद्दाम उथळ ठेवलाय, खोल चिमट्याने समोरून क्राऊन निमुळता होतो आणि माझ्या चेहऱ्याला ते नकोच.

मापाबद्दल दोघातिघांनी विचारलं होतं. टेप कपाळाच्या मध्यावरून, कानांच्या जरा वरून फिरवायची, घट्ट ओढायची नाही. माझं ५८ सेंटीमीटर, ते अमेरिकन मापात सव्वासात आणि ब्रिटिश मापात त्याहून एक अष्टमांश कमी, त्यामुळे ऑर्डर करताना नंबर कुठल्या पद्धतीचा ते बघाच. पण नुसत्या घेरावर भागत नाही, डोक्याचा आकारही बघावा लागतो. कपाळाला टोचतेय आणि कानांवर फट राहतेय, तर तुमचं डोकं लांबट अंडाकृती आहे, मोठा नंबर घेऊन उपयोग नाही, लाँग ओव्हल, म्हणजे लांबट आकाराची हॅट शोधा, नाहीतर बाजूंना स्वेटबँडच्या (आतल्या कपाळपट्टीच्या) मागे फोमची पट्टी सरकवा. मी पट्टीवरच भागवलंय.

घालताना पुढची ब्रिम खाली, मागची वर, आणि अगदी थोडी उजवीकडे कलती. रिबनचा बो डावीकडे असतो त्यामुळे कललेली बाजू आणि बो दोन्ही नीट दिसतात. जास्त कलवली की नाटकातला गुप्तहेर. काढताना शक्यतो ब्रिमला धरा, सतत पुढच्या चिमट्यालाच धरलं की फेल्ट तिथेच चिरतं. टेबलावर उलटी ठेवा, नाहीतर ब्रिमचा वळसा जातो. आत गेलं की मी काढतोच, कोणी काही म्हणो.

पुढची हॅट म्हणून होम्बर्ग सुचवली होती कोणीतरी. ब्रिटनच्या सातव्या एडवर्डने जर्मनीतल्या बाड होम्बर्गहून आणून फॅशनमध्ये आणली ती, दिसते रुबाबदार, पण ब्रिम कडक आणि कायमची वळवलेली, पुढून खाली ओढताच येत नाही, मग मजा काय. त्यापेक्षा उन्हाळ्यासाठी पनामा घेणार, इक्वेडोरमध्ये टोकिया नावाच्या ताडासारख्या झाडाच्या पानांच्या काड्यांपासून विणतात ती हॅट. विणकाम जितकं बारीक तितकी भारी आणि तितकीच महाग, मी मधली बघतोय. गुंडाळून बॅगेत टाकता येते असं सांगतात, मी टाकणार नाही, घडीवर काड्या तुटतात.